आजीचा अंगठा मशीनवर उमटेना, तिथून सुरू झालेला आमचा रिसर्च

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आजीबरोबर रेशनच्या दुकानात गेले होते, कळव्यात, आणि तिथल्या त्या छोट्या मशीनवर आजीचा अंगठा काही केल्या उमटेना. आधी उजवा लावला, मग डावा, मग पदराला पुसून परत उजवा, दुकानदार म्हणाला मावशी जरा दाबून लावा, मग म्हणाला एवढं पण दाबू नका, मागे लाइन वाढत चाललेली, आणि आजी एकदम हळू आवाजात मला म्हणाली, "मीच आहे की गं, ह्याला का पटत नाही?"

ते वाक्य डोक्यात बसलं. मी लॉच्या चौथ्या वर्षाला, डिसर्टेशनचा विषय द्यायची तारीख जवळ आलेली, आणि आमच्या गाइड मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं की पेपरात वाचलेला विषय नको, डोळ्यांनी बघितलेला आणा. मी आजीचा अंगठा घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, विषय चांगला आहे पण नुसत्या कायद्याच्या पुस्तकांतून नाही सुटणार, सायन्सवाला शोध, हिस्टरीवाला शोध. मग नेरूळची माझी मैत्रीण, ती फॉरेन्सिक सायन्स करते, आणि अंबरनाथचा एक मित्र, तो इतिहासात एमए करतोय, असे आम्ही तिघं दर शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीला बसायला लागलो. आता चार वर्षांच्या ऑनर्स विथ रिसर्च डिग्रीमुळे खूप जणांना चौथ्या वर्षी संशोधन करायचंय, दोन-तीन विषय जोडा असं सांगतात पण जोडायचं म्हणजे नक्की काय ते कोणी सांगत नाही, म्हणून आम्हाला जे कळलं ते लिहितेय. उदाहरण एकच घेते, बोटाचा ठसा.

पहिल्याच शनिवारी भांडण झालं, आणि ते होणं गरजेचं होतं असं आता वाटतं. आम्ही तिघंही "पुरावा" हा शब्द वापरत होतो आणि तिघांचा अर्थ वेगळा होता. फॉरेन्सिकवालीसाठी पुरावा म्हणजे जे मोजता येतं, परत करून बघता येतं, आणि त्यात चुकण्याची शक्यता किती तेही सांगता येतं. माझ्यासाठी पुरावा म्हणजे जे कोर्टासमोर रीतसर आलं ते, आणि त्याच्यावर एका माणसाला सोडायचं की आत टाकायचं हे आज ठरवायचंय, पुढचा प्रयोग होईपर्यंत थांबता येत नाही. इतिहासवाल्यासाठी प्रत्येक कागद हाच एक आरोपी, हा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला विचारलं होतं का. एकाच ठशाकडे बघून ती म्हणते "किती टक्के खात्री?", मी म्हणते "शंकेपलीकडे सिद्ध झालं का?", आणि तो म्हणतो "हा अंगठा घेतलाच का?" हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की प्रोजेक्ट पातळ होतो, वेगवेगळे ठेवून मग समोरासमोर आणले की मजा येते.

आधी सायन्स घेऊ.

बोटाच्या टोकावरच्या त्या बारीक रेघा आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्याच्या पुढे बनायला लागतात आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत नक्षी पक्की होते. २०२३ मध्ये एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की झेब्र्याच्या पट्ट्यांसाठी जे गणित लावतात तसंच इथेही चालतं, अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेलं, म्हणजे वाढ सुरू करणारे आणि वाढ थांबवणारे असे दोन प्रकारचे सिग्नल त्वचेत एकमेकांशी झुंजतात आणि त्यातून रेघा उठतात. या रेघा बोटावर दोन-तीन जागांहून लाटांसारख्या पसरत येतात आणि जिथे एकमेकींना भिडतात तिथे नक्षी ठरते. म्हणूनच एकसारख्या (आयडेंटिकल) जुळ्या भावंडांचे जीन्स सारखे असले तरी ठसे थेट सारखे येत नाहीत, ढोबळ नक्षी मिळतीजुळती येईल पण कुठली रेघ कुठे संपली आणि कुठे तिला फाटा फुटला हे बदलतं.

ढोबळ नक्षी तीन प्रकारची. आपल्याकडे लहानपणी बोटांवरची चक्रं मोजतात ना, किती चक्रं आणि किती शंख, तेच. गोल फिरलेलं ते चक्र, एका बाजूने येऊन वळून परत त्याच बाजूला जाणारा तो शंख, आणि नुसती टेकडीसारखी चढून उतरणारी ती कमान. शंख सगळ्यात जास्त, शंभरातली साधारण साठ-पासष्ट बोटं, चक्रं तीस-पस्तीस, कमानी फार कमी, पाचेक. ओळख पटवायला मात्र हे पुरत नाही, तिथे रेघ संपण्याच्या आणि फुटण्याच्या जागा बघतात, एकेक करून.

मग आजीचा का उमटत नाही? आम्ही घरीच बघितलं. मैत्रीण साधं स्टॅम्प पॅड आणि पांढरी कार्डं घेऊन आली, ओट्याशेजारच्या टेबलावर मांडामांड केली. आजीचं बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळू लोळवायचं असतं, दाबायचं नाही. पहिला ठसा म्हणजे काळा डाग. हात कोमट पाण्याने धुऊन, नीट कोरडे करून, शाई अगदी कमी लावून परत घेतला तेव्हा भिंगाखाली दिसायला लागलं, की रेघा आहेत पण उंची गेलीय, बसक्या झाल्यात, आणि त्यांच्यावरून आडव्यातिडव्या पांढऱ्या भेगा गेल्यात, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. वयाबरोबर त्वचा कोरडी होते, तिचा ताण जातो, त्यात चाळीस वर्षं राखेने आणि नंतर पावडरने भांडी घासलेली, म्हणजे रेघा झिजणारच. मुळातली नक्षी त्वचेच्या खालच्या थरात असते म्हणून वरचं घासलं गेलं तरी ती पुसली जात नाही, पण मशीनला वरचंच दिसतं.

अंगठ्यावर मधोमध एक तिरकी सरळ रेघ होती, सगळ्या नक्षीला कापत गेलेली. मैत्रीण म्हणाली आजी हा कट कसला. आजीने भिंग स्वतःच्या हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही विळी लागलेली. फणस कापताना. हिचा बाप पोटात होता तेव्हा." आता गंमत बघा, मशीनला जी खूण म्हणजे खराबी, ती तज्ज्ञाला उलट कामाची, कारण खोल जखमेचा व्रण कायमचा राहतो आणि तो तसाच्या तसा दुसऱ्या कोणाच्या अंगठ्यावर असणं कठीण.

गुन्ह्याच्या जागेवरचा ठसा मात्र असा टेबलावर बसून घेतलेला नसतो. तो घामाचा आणि तेलकटपणाचा न दिसणारा डाग असतो. गुळगुळीत वस्तूवर पावडर मारून किंवा सुपरग्लूसारख्या गोंदाची वाफ देऊन तो वर आणतात, कागदावर असेल तर निनहायड्रिन नावाचं रसायन, जे घामातल्या अमिनो अॅसिडबरोबर जांभळं होतं, हा उपयोग १९५४ मध्ये सुचवला गेला. मैत्रिणीच्या लॅबमध्ये एका जुन्या वहीच्या पानावर हळूहळू जांभळी बोटं उगवताना मी स्वतः पाहिली, तिथे काही नव्हतं आणि दहा मिनिटांत माझीच बोटं तिथे होती, त्या क्षणी कोणाचाही विश्वास बसेल की हे शास्त्र चुकूच शकत नाही.

आणि इथेच मैत्रिणीने एक वाक्य सांगितलं, मला वाटतं आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं: ठसा म्हणजे बोट नव्हे. बोट एकमेव असेल, पण दरवाजावर राहिलेला अर्धा, घसरलेला, एकावर एक उमटलेला ठसा बघून तो कोणाचा हे एक माणूस ठरवतो, आणि माणूस चुकतो. २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले, जवळपास १९० माणसं गेली, डिटोनेटर सापडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचा ठरवला, एका नाही तर अनेक तज्ज्ञांनी तो जुळतो म्हणून सांगितलं, मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत राहिले. मग स्पॅनिश पोलिसांनी सांगितलं की तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा आहे. एफबीआयला माफी मागावी लागली. त्यानंतर इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने पाच अनुभवी तज्ज्ञांसमोर ठशांच्या जोड्या ठेवल्या आणि सांगितलं की ही ती मेफिल्डवाली चुकलेली केस, प्रत्यक्षात त्या जोड्या त्याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी जुळतात म्हणून पास केलेल्या होत्या. पाचपैकी चार जणांनी मत बदललं. ठसा तोच, डोळे तेच, फक्त आधी कानावर पडलेली गोष्ट वेगळी.

हे ऐकून ठशांवरचा विश्वासच उडवायचा का, तर नाही. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांना घेऊन मोठी चाचणी झाली, त्यात वेगवेगळ्या माणसांचे ठसे एकच म्हणण्याची चूक ०.१ टक्का निघाली, म्हणजे हजारात एक, आणि एकाच माणसाचे ठसे वेगळे म्हणण्याची चूक ७.५ टक्के. पहिली चूक निरपराध माणसाला अडकवते, दुसरी गुन्हेगाराला सोडते. हजारात एक ही चूक कमीच आहे पण शून्य नाही, आणि सायन्सचा प्रामाणिकपणा म्हणजे ते शून्य नाही हे सांगणं.

आता इतिहास. यात आम्ही सगळ्यात जास्त रमलो.

ठाण्याला कोर्ट नाक्यावरून जाताना जेलची ती भिंत दिसते ना, तो मूळचा किल्ला, पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे, आणि पुढे तुरुंग झाला. याच तुरुंगात २ मे १८४८ ला राघोजी भांगरे यांना फाशी दिली. इंग्रजांविरुद्ध कोळ्यांना घेऊन लढलेला हा माणूस पंढरपुरात पकडला गेला. मित्र त्या भिंतीकडे बघून म्हणाला, विचार कर, तेव्हा पोलिसांकडे ना कैद्यांचे फोटो, ना ठसे, पंढरपूरच्या गर्दीतला हाच तो, हे ठरवणार कसं, चेहरा ओळखणारा कोणीतरी फुटला किंवा पैशाने आणला तरच. मी त्या रस्त्याने हजार वेळा गेले असेन पण ओळख पटवणं हा एवढा मोठा प्रश्न होता हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

अंगठ्याचा ठसा येण्याआधी आपल्याकडे सही न येणारे काय करायचे? जुन्या मराठी कागदांवर शेतकरी नांगराची निशाणी काढायचे. म्हणजे मी कोण, तर माझं काम काय. आजही फॉर्मवर "निशाणी डावा अंगठा" लिहितात, त्यातला निशाणी शब्द तिथला. नांगर जाऊन अंगठा कधी आला? पुस्तकांत सापडणारी एक सुरुवात अशी, की १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्यासाठीचा माल घ्यायचा करार केला आणि करारावर त्याच्या हाताचा ठसा उमटवून घेतला, उद्या ही सही माझी नाही म्हणू नये म्हणून. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्याच्या नावावर दुसरा कोणी पेन्शन उचलू नये म्हणून. म्हणजे बघा, खुनी पकडायच्या कितीतरी आधी ठसा आला तो पैसे योग्य माणसाला जातायत ना, यासाठी. कळव्याच्या दुकानातलं मशीन आणि हुगळीचं पेन्शन ऑफिस यांचं नातं मला तेव्हा कळलं.

खरी अडचण पुढची होती. समजा हजारो कैद्यांचे ठसे घेतले, कपाटात ठेवले, आता नवा माणूस पकडला आणि त्याने नाव खोटं सांगितलं, तर त्याचं जुनं कार्ड शोधणार कसं? सगळी कपाटं उपसणार? याचं उत्तर कलकत्त्यात निघालं, १८९७ मध्ये, आणि म्हणूनच जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो तिथे झालं. पद्धतीला नाव एडवर्ड हेन्री या पोलीस प्रमुखाचं, पण त्यातलं गणित आणि वर्गीकरण त्याच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन सब-इन्स्पेक्टरांचं.

गणित इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही, कागद घेऊन करून बघा. दहा बोटांना उजव्या अंगठ्यापासून नंबर द्या, उजवा हात १ ते ५, डाव्या अंगठ्यापासून ६ ते १०. दोन-दोनच्या पाच जोड्या करा. पहिल्या जोडीची किंमत १६, दुसरीची ८, मग ४, २ आणि १. ज्या बोटावर चक्र असेल त्यालाच ती किंमत मिळणार, शंख किंवा कमान असेल तर शून्य. सम नंबरच्या बोटांची बेरीज करून त्यात १ मिळवायचा, तो आकडा वर लिहायचा, विषम नंबरच्या बोटांच्या बेरजेत १ मिळवून खाली. आमच्या आजीला चक्रं दोनच, उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या करंगळीशेजारच्या बोटावर. अंगठा म्हणजे नंबर १, विषम, किंमत १६, खाली झाले १७. ते दुसरं बोट नंबर ४, सम, किंमत ८, वर झाले ९. आजीचा नंबर नऊ छेद सतरा. एकही चक्र नसेल तर एक छेद एक, दहाही असतील तर बत्तीस छेद बत्तीस. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १०२४ खण, कपाटाला तेवढेच खण करायचे, की अख्ख्या ढिगाऐवजी एका खणातलीच कार्डं चाळायची. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी दोन देशी सब-इन्स्पेक्टरांनी हो-नाहीच्या दहा उत्तरांतून माणूस शोधायची युक्ती काढली, आणि नाव साहेबाचं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच सुमारास जलपैगुडीला एका चहामळ्याच्या मॅनेजरचा गळा चिरून खून झाला, पेटी फोडलेली, त्यातल्या एका बंगाली पंचांगावर तपकिरी पुसट ठसा होता. तो कलकत्त्याच्या कार्डांशी ताडून बघितला तर कंगाली चरण नावाच्या, आधी चोरीत शिक्षा झालेल्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये निकाल लागला, आणि तो निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे: चोरीबद्दल दोषी, खुनातून सुटका. कारण ठशाने एवढंच सिद्ध झालं की याचा हात त्या पंचांगाला लागला. सुरी याच्याच हातात होती हे ठसा सांगत नाही. ठसा बोलतो, पण विचारलंय तेवढंच बोलतो.

पण त्याच इतिहासाचा एक भाग असा आहे की तो वाचून आम्ही शनिवारचा चहा न घेताच उठलो. १८७१ मध्ये इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला, अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या, गुन्हा केला म्हणून नाही तर त्या घरात जन्मला म्हणून नाव रजिस्टरमध्ये, गाव सोडायचं तर परवानगी, हजेरी. १९११ च्या सुधारलेल्या कायद्यात नोंदवलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कधीही घ्यायचा अधिकार पोलिसांना दिला. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आता इतिहासवाल्याचा प्रश्न परत वाचा, "हा अंगठा घेतलाच का?" सायन्सच्या बाजूने त्या रजिस्टरमधला प्रत्येक ठसा अचूक असेल, आणि तरी ते रजिस्टर हाच अन्याय होता.

आता माझा भाग, कायदा. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ होतं, तज्ज्ञाचं मत कोर्ट कधी विचारात घेईल याचं, त्यात बोटांचे ठसे हे शब्द १८९९ मध्ये घातले, म्हणजे कलकत्त्याच्या ब्युरोनंतर दोनच वर्षांत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय आणि तेच कलम आता ३९. "मत" हा शब्द लक्षात ठेवा. तज्ज्ञ निकाल देत नाही, मत देतो, निकाल न्यायाधीशाचा.

मग पहिला प्रश्न, आरोपीकडून जबरदस्तीने ठसा घेतला तर ते स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नाही का, कारण घटनेचं कलम २० उपकलम ३ तर ते करू देत नाही. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यात सांगितलं की नाही, साक्ष म्हणजे स्वतःला माहीत असलेलं सांगणं, अंगठा काही सांगत नाही, तो जसा आहे तसाच राहतो, आरोपीची इच्छा असो नसो. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात याच धाग्याने जाऊन कोर्ट म्हणालं की नार्को टेस्ट मात्र जबरदस्तीने नाही, कारण तिथे माणसाच्या मनातलं काढलं जातं. शरीराची खूण वेगळी, मनातलं ज्ञान वेगळं. एवढी एक रेघ समजली की या विषयातले अर्धे निकाल सोपे होतात.

दुसरा प्रश्न खात्रीचा, आणि इथे आमचे तिघांचे धागे एकमेकांत अडकले. १९७९ मध्ये जसपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अंगठ्याचा ठसा ओळखण्याचं शास्त्र अचूक आहे, त्यात चुकीला आणि शंकेला जागा नाही. मी हे वाचून दाखवलं तर मैत्रीण काही न बोलता लॅपटॉप वळवून मला ते ०.१ आणि ७.५ टक्के दाखवायला लागली. आता कोर्ट चुकलं असं लिहून टाकायचं का? मॅडमनी थांबवलं. त्या म्हणाल्या, १९७९ मध्ये हे टक्के कुठे होते, त्या बेंचसमोर जे होतं त्यावर ते बोलले, तू असं विचार की २०११ नंतरच्या निकालांत हे टक्के कोणी वकिलाने उलटतपासणीत विचारलेत का. हा आमचा रिसर्चचा प्रश्न झाला. "भारतातील बोटांचे ठसे" एवढा लांबरुंद विषय होता, तो या एका प्रश्नावर आला, आणि आल्यावर मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात, सुप्रीम कोर्टाचे तर त्यांच्याच साइटवर. आम्ही प्रत्येक निकालाची साधी वही केली, ठसा कुठल्या वस्तूवर होता, वस्तू सील कधी झाली, नमुन्याचा ठसा कोणासमोर घेतला, आणि तज्ज्ञाला काय विचारलं. यात एक गोष्ट सारखी पुढे येत राहिली, की केस पडते ती बऱ्याचदा शास्त्रावर नाही तर हाताळणीवर. १९९७ चा मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान बघा, पितळी भांड्यावर ठसे होते, जुळलेही होते, पण ते भांडं सापडल्यापासून तज्ज्ञाच्या टेबलावर पोचेपर्यंत नीट सीलबंद होतं का हे सिद्ध झालं नाही, नमुन्याचे ठसेही मॅजिस्ट्रेटसमोर घेतलेले नव्हते, कोर्टाने तो पुरावा बाजूला ठेवला. मुद्देमाल, पंचनामा, सील हे शब्द वर्गात कंटाळवाणे वाटतात, पण ठशाचा जीव त्यातच असतो. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाणं आणलंय, कागदावर चांगलं आहे, प्रत्यक्षात तेवढी माणसं लागतील.

ज्यांना असं काही करायचंय त्यांना एक सांगते, कोर्टात जाऊन बसा. खटले खुल्या कोर्टात चालतात, ठाण्याच्या कोर्टात मागच्या बाकावर गप्प बसून एका तज्ज्ञाची उलटतपासणी ऐकली तर दहा लेख वाचल्याएवढं कळतं. जुन्या कागदांसाठी मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, आणि ठाण्यात १८९३ चं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. सरकारी माहिती हवी तर माहितीचा अधिकार, साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. प्रश्न मात्र नेमका विचारा, "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही.

आणि संमती. घरच्याच माणसांचे ठसे होते तरी मॅडमनी संमतीपत्र घ्यायला लावलं. पहिलं इंग्रजीत होतं, त्यांनी ते परत केलं, ज्याची सही घेणार त्याला वाचता येईल असं लिहा म्हणाल्या. मराठीत केलं. आजी चौथी शिकलेली, चष्मा लावून अख्खं मोठ्याने वाचलं आणि सही करायच्या आधी विचारलं, "हे कागद नंतर कुठे जाणार?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कारण आमच्या सगळ्या वाचनात हा प्रश्न फार थोड्या जणांनी विचारला होता. २०२२ मध्ये १९२० चा जुना कैदी ओळख कायदा जाऊन नवा आलाय, त्यात बोटांबरोबर डोळ्यांचे स्कॅन आणि शरीरातले नमुनेही घेता येतात, आणि ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पंचाहत्तर वर्षं राहू शकतात. सुटलेल्या माणसाच्या नोंदी नष्ट करायची तरतूद आहे, पण काही अटींवर, आणि कोर्ट किंवा मॅजिस्ट्रेट कारणं लिहून त्या ठेवायलाही सांगू शकतो. सोलापूरच्या कुंपणाचा इतिहास वाचलेल्या माणसाला पंचाहत्तर हा आकडा वेगळा दिसतो. म्हणून डिसर्टेशनचं शेवटचं प्रकरण मी आजीच्या या प्रश्नावरच लिहिलं, आणि संमतीपत्रात एक ओळ वाढवली, की काम झाल्यावर कार्डं ज्याची त्याला परत. परत केलीही. आजीने तिचं कार्ड देवघराच्या खणात, पंचांगाखाली ठेवलंय.

कार्ड देताना मैत्रिणीने तिची दहाही बोटं भिंगाखाली परत एकदा पाहिली, कुठल्या बोटाच्या रेघा सगळ्यात कमी झिजल्यात ते शोधायला. डाव्या हाताचं मधलं बोट निघालं, भांडी घासताना त्यावर जोर येत नसावा. आता रेशनला गेली की आजी अंगठा पुढे करतच नाही, घरून हात धुऊन जाते, आणि दुकानदाराने काही म्हणायच्या आत ते मधलं बोट मशीनवर ठेवते.